तिसरी ओढ

या, बसा. जरा जवळ येऊन बघा, लांबून मी नजरेत भरत नाही. टीव्हीच्या शेजारी, औषधांच्या डबीला टेकून ठेवलेला, काडेपेटीएवढा काळा ठोकळा दिसतोय ना, तोच मी. अंगावर लावायचा कॅमेरा. माझ्या डोळ्यावरची तडकलेली काच बघून प्रत्येक जण विचारतो, हे कसं झालं? सांगतो. पण माल दाखवायचा तर आधी खोकं उघडायचं आणि मग माल, ही माझी दुकानातली सवय. तेव्हा सुरुवातीपासून ऐका.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या डोळ्यावर हळूच फुंकर मारली, एवढंच आठवतं. आईची आठवण म्हणाल तर ती फुंकर. त्यानंतर खोकं, अंधार आणि मग एकदम झगझगीत उजेड. मी एका दुकानाच्या काचेच्या कपाटात उभा होतो.

तिथे मी अकरा महिने काढले. माझ्या खोक्यावर बर्फावरून घसरत जाणाऱ्या माणसाचं चित्र होतं, त्यामुळे गिऱ्हाइकंही तशीच यायची, डोंगरवाली, समुद्रवाली. दुकानदार मोठा गोष्टीवेल्हाळ. बोलायला गोड, पण खोटं बोलणारा नव्हे. माझी बोलण्याची ढब त्याच्याकडूनच उचललेली आहे. तो गिऱ्हाइकाला आधी फजितीचे किस्से सांगायचा. एका पठ्ठ्याने म्हणे माझ्यासारखाच एक कॅमेरा छातीवर उलटा लावला आणि पाच तास डोंगर चढला. घरी येऊन बघतो तर पाच तास नुसतं शर्टाचं बटण! दुसऱ्या एकाने आपण घरी नसताना कुत्रा काय करतो ते बघायला कॅमेरा कुत्र्याच्या गळ्यात बांधला. त्यात दिसलं काय, तर सासूबाई कुत्र्याला स्वतःच्या ताटातलं भरवतायत आणि जावयाबद्दल त्याच्याशी मोकळेपणाने बोलतायत. "मी फक्त कॅमेरा विकतो," दुकानदार हात जोडून म्हणायचा, "घरातलं भांडण ज्याचं त्याने बघून घ्यावं."

त्या कपाटात उभं राहून मी एक गोष्ट शिकलो. दुकानदाराने मला हातात धरून चालू केलं रे केलं की समोरचा माणूस पोट आत घ्यायचा. म्हातारा असो, तरणा असो, शहाणा असो. क्षणापूर्वी जसा होता तसा तो राहायचाच नाही. मला तेव्हा याची गंमत वाटायची.

एके दिवशी एक बाई आली. खांद्याला पर्स, हातात गाडीची किल्ली, पायात सपाट बूट. तिने बर्फाच्या चित्राकडे बघितलंसुद्धा नाही.

"काचा पुसायच्या कामाला चालेल का हा?"

दुकानदाराने तोंडावर आलेला किस्सा गिळला. "काचा म्हणजे? घरातल्या?"

"चौदा मजल्यांच्या. बाहेरून. माझा नवरा दोराला लटकून काचा पुसतो. छातीवर लावता आला पाहिजे, साबणाच्या पाण्याने बिघडला नाही पाहिजे, आणि टीव्हीवर बघता आलं पाहिजे. बघणारे माझे सासरे आहेत. त्यांना एक वायर जोडायची सांगितली तर जमेल. दोन जमणार नाहीत."

"ताई," दुकानदार म्हणाला, "हा समुद्रात बुडी मारून येतो, तुमची साबणाची बादली काय घेऊन बसलात!" आणि मी बर्फाचा नाद सोडून काचा पुसायला निघालो.

या घराची ओळख करून देतो. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मला घेऊन आली ती सून. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिच्या शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक जास्तीचा ब्रेक असतो, त्यामुळे तिच्या उजव्या पायाला अशी खोड लागली आहे की घरात कुणाच्या हातातला कप हिंदकळला तरी तिचा पाय जमीन दाबतो. तिचा नवरा काचवाला. त्याचा जोडीदार जाड्या आणि सोबतचे बाकी लोक त्याला झुंबर म्हणतात, कारण दिवसभर टांगलेला. आणि सासरे, म्हणजे आमचे बाबा. बाबांनी हेच काम तेवीस वर्षं केलं. तेवीस वर्षं उंचावर लटकून अंगाला ओरखडा नाही, आणि दोन वर्षांपूर्वी दिव्याची काच पुसायला म्हणून घरातल्या स्टुलावर चढले ते पडले. कंबरेचं हाड गेलं. आता चौपायी काठी धरून खुर्चीपासून खिडकीपर्यंत जातात. जिना त्यांच्यासाठी संपला.

मी येण्याआधी ते दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे, असं सून एकदा शेजारणीला सांगत होती. म्हणून तिने मला आणलं. सकाळी मी झुंबरच्या छातीवर बसून कामाला जायचो, संध्याकाळी परत येऊन टीव्हीला जोडला जायचो, आणि बाबा माझ्या डोळ्याने पुन्हा उंचावर चढायचे. पहिल्या दिवशी पडद्यावर गच्चीचा कठडा आला आणि त्याच्यापलीकडे एकदम खोल रस्ता दिसला, तेव्हा त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि हसले. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा पाय जमिनीवर दाबलेला होता, पण चेहरा खुलला होता.

आता कामाची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गच्चीच्या कठड्यात लोखंडी कड्या पक्क्या बसवलेल्या असतात. माणूस दोन दोरांवर उतरतो, एक कामाचा आणि एक जिवाचा, आणि दोघांना वेगवेगळी कडी. दोर बांधला की त्याला अंगाचा सगळा भार टाकून तीन वेळा ओढायचं. तिन्ही ओढींत कडी हलली नाही, तिच्या मुळाशी काही कुरकुरलं नाही, तरच कडीशेजारी खडूने एक रेघ मारायची. रेघ म्हणजे तपासलं. आणि संध्याकाळी वर आलं की ती रेघ आपल्याच बाहीने पुसायची. कालची रेघ आज चालत नाही. ही बाबांची शिस्त. इमारतीवर काम करणाऱ्या सगळ्या टोळीने ती उचलली होती.

पहिले काही आठवडे फार छान गेले. झुंबर कामाच्या आधी कडी बघायचा, ओढायचा, रेघ मारायचा, आणि मी त्याच्या छातीवरून जे दिसेल ते टिपायचो. मग एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "वा! तिन्ही ओढी अशा की बघत राहावं." झुंबर खूश झाला. दुसऱ्या दिवशी दोर बांधून झाल्यावर त्याने मला छातीवरून काढून समोर एका विटेवर ठेवलं आणि ओढताना तो थोडा माझ्याकडे वळला, बाबांना नीट दिसावं म्हणून. तिसऱ्या दिवशी आणखी थोडा. हळूहळू त्याचं तोंड माझ्याकडे आणि पाठ कडीकडे झाली. आधी तो कडी बघायचा. आता तो मला कडी दाखवायला लागला.

पोट आत घेणारी ती गिऱ्हाइकं मला तेव्हाच आठवायला हवी होती.

बाबांच्या नजरेला मात्र हे सुटलं नाही. त्यांचं कौतुक आटलं आणि चुका काढणं सुरू झालं. त्या संध्याकाळी तर फारच झालं. झुंबर जेमतेम बूट काढून बसला होता. टीव्हीवर त्याच सकाळचं चित्रण चालू होतं.

"थांबव. मागे घे," बाबा म्हणाले. "ही तिसरी ओढ मारलीस, की दोराला नुसता नमस्कार केलास?"

"मारली."

"मला दिसली नाही."

"मग टीव्हीलाच विचारा."

"टीव्हीला काय विचारू? तो काय खाली पडणार आहे?"

"बाबा," झुंबर उठून उभा राहिला, "मी कामाला जातो की परीक्षेला? दिवसभर लटकायचं आणि संध्याकाळी घरी येऊन नापास व्हायचं! जाड्याच्या घरी म्हणे त्याला आल्या आल्या पाणी विचारतात."

"जाड्याच्या बापाला या कामातलं काही कळत नाही म्हणून विचारतात."

सून मध्ये पडली. "अहो, चहा होतोय. बाबा, तुम्ही पण जरा..."

"राहू दे तो चहा," झुंबर म्हणाला. त्याने टीव्ही बंद केला, चित्रण अर्ध्यावरच तोडलं, माझी वायर ओढून काढली. "उद्यापासून हा डोळा घरी. तुम्ही आणि तो, बसा एकमेकांकडे बघत."

सकाळी सात वाजता तो मला न घेता निघाला. बाबांनी "जपून रे" म्हटलं, पण तोवर दार लागलं होतं. पाठोपाठ सूनही तिच्या पहिल्या शिकवणीला गेली. घरात बाबा, मी आणि पंख्याचा आवाज.

बराच वेळ बाबा माझ्याकडे बघत बसले. मग काठी टेकत आले, मला उचललं, वायर जोडली. काल तोडलेलं चित्रण उरलं होतं, तेच त्यांना बघायचं होतं. चूक काढायला नव्हे. पोराशी जरा जास्तच बोललो, हे त्यांच्या बोटांना कळलं होतं. रिमोटचं बटण ती आज फार हळू दाबत होती.

पडद्यावर कालची संध्याकाळ आली. काम संपवून झुंबर गच्चीवर चढला होता. त्याने मला छातीवरून काढून हातात धरलं आणि समोरच्या काचेच्या इमारतीकडे वळवलं. "बाबा, हे बघा," त्याचा दमलेला आवाज आला. "तुम्ही म्हणायचात ना, सूर्य आधी काचेत मावळतो आणि मग आकाशात. खास तुमच्यासाठी घेतलंय. आता तरी खूश?" समोरच्या काचांत सूर्य खरंच मजल्या-मजल्याने खाली उतरत होता. खालून जाड्याने हाक मारली, "झुंबर, चल की, बस जाईल!" आणि चित्र हललं, गच्ची, दोर, कठडा, आणि बंद.

बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. चष्मा परत लावला आणि तो सूर्य पुन्हा बघायला चित्रण मागे घेतलं. ते पुरतं मागे गेलंच नाही. पडद्यावर शेवटी दिसलेला तो कठडा थांबला.

कडीशेजारची खडूची रेघ तशीच होती. झुंबरने ती पुसली नव्हती. रोज ज्या बाहीने तो रेघ पुसायचा, त्याच हातात काल मला धरून तो बापासाठी सूर्य टिपत होता.

बाबा पुढे वाकले. रेघेच्या खाली सिमेंटमध्ये आणखी एक रेघ होती. ती खडूची नव्हती. केसाएवढी, काळपट, एका कडीच्या मुळापासून निघून दुसऱ्या कडीच्या मुळाखाली गेलेली. दोन्ही दोरांच्या दोन कड्या, आणि दोन्हींच्या खालून एकच भेग.

त्यांनी कालची सकाळ लावली. तीच जागा. भेग पहिल्या कडीपाशी होती, चार बोटं लांब, पुढे काही नाही. संध्याकाळ लावली. दुसऱ्या कडीच्या पार. पुन्हा सकाळ. पुन्हा संध्याकाळ. एका दिवसात एवढी वाढली होती. आणि तिच्या डोक्यावर, तपासलंय म्हणून सांगणारी ताजी पांढरी रेघ.

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. साडेआठला दोर खाली सुटतात.

बाबांनी झुंबरला फोन लावला. वाजत राहिला. उचलणार कोण? उंचावरून फोन पडून कुणाचं डोकं फुटू नये म्हणून कामावर सगळ्यांचे फोन खाली फाटकापाशी एका पेटीत. हा नियमही बाबांच्याच काळातला. त्यांनी जाड्याला लावला. तोही त्याच पेटीत. मग सुनेला.

"बाबा, शिकवणी चालू आहे, नंतर..."

"गाडी वळव. घराखाली ये. आत्ता."

त्यांचा तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. तिनेही ऐकला नसावा. काय झालं हे ऐकून ती एवढंच म्हणाली, "बाबा, मी नुसतं तोंडाने सांगून मला गच्चीवर कोण सोडणार? आणि तिथे वीस कड्या आहेत. कुठली ते मला कसं कळणार?"

"दाखवायला देतो तुला. तू खिडकीखाली थांब."

जिना उतरायला बाबांना अर्धा तास लागला असता. त्यांनी कपाटातून कपडे वाळत घालायची दोरी काढली आणि माझ्या पट्ट्याला गाठ मारली. तीच गाठ, तेवीस वर्षांची. ती मारताना बोटं एकदाही चुकली नाहीत. मग घाई असताना, घड्याळ समोर असताना, त्यांनी दोरी धरून मला तीन वेळा ओढलं. एक. दोन. तीन. आणि खिडकीबाहेर सोडलं.

भिंत माझ्यासमोरून वर सरकत गेली. दुसऱ्या मजल्यावर कुणाची तरी मांजर मला बघून दचकली. खाली शिकवणीची पिवळी गाडी येऊन थांबली होती. सुनेने मला झेललं, छातीवर लावलं. लावताना तिचं बोट बटणावर पडलं आणि माझा लाल दिवा लागला. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

गाडीत त्या दिवशीच्या विद्यार्थिनी होत्या, एक निवृत्त मुख्याध्यापिका. सुनेने त्यांना शिकवणाऱ्याच्या जागेवर बसवलं आणि चाक स्वतःच्या हातात घेतलं. गाडी सुटली. पहिल्याच वळणावर करकचून थांबली. पुन्हा सुटली, पुन्हा थांबली.

"बाई, तुमच्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे!" सून ओरडली. "पाय काढा!"

"अगं, भीती वाटली की पाय आपोआप दाबला जातो. तूच शिकवलंस!"

"मी चुकले! पाय वर घ्या!"

मुख्याध्यापिका बाईंनी चपला काढल्या आणि सीटवर मांडी घातली. दोन्ही हातांनी दार धरून त्या पुढचा सगळा रस्ता डोळे मिटून बसल्या. इमारत आली तेव्हा आठ पस्तीस झाले होते. मान वर करून सुनेने पाहिलं. वरून पाचव्या मजल्यावर, म्हणजे दहाव्यावर, एक लाल हेल्मेट काचेपुढे हळू डुलत होतं.

फाटकावर रखवालदार आडवा आला. "वर जायचं तर चिठ्ठी लागते."

"काका, कठडा फुटलाय. माझा नवरा त्यावर लटकलाय."

"ताई, रोज कुणाची ना कुणाची बायको काळजी करत येते. माझी पण करते, मी तर खुर्चीवर बसतो."

तिने वाद घातला नाही. मला छातीवरून काढून माझा अंगठ्याच्या नखाएवढा पडदा त्याच्या डोळ्यांपुढे धरला. सकाळ. संध्याकाळ. सकाळ. संध्याकाळ. रखवालदार वाकून बघत होता. तो सरळ झाला तेव्हा त्याच्या हातात गच्चीची किल्ली होती, आणि लिफ्टकडे तो तिच्याही पुढे पळत होता.

गच्चीवर जाड्या दोरांजवळ बसून शीळ घालत होता. नावाने जाड्या, अंगाने काडी. वहिनींना बघून तो उठायला गेला.

"कड्या कुणी तपासल्या?" सुनेने विचारलं.

"रेघ होती की. म्हटलं, झुंबरने आधीच येऊन तपासलं. त्याने नाही?"

आणि खाली लटकलेला झुंबर मनात म्हणत असणार, रेघ आहे, म्हणजे जाड्याने तपासलं.

सून कठड्यापाशी गुडघ्यावर बसली. भेग आता केसाएवढी नव्हती. तिची करंगळी आत गेली असती. झुंबरने खाली काचेवर वायपर ओढला की दोर किंचित ताणत होता, आणि दोर ताणला की भेगेतून पिठासारखी बारीक भुकटी गळत होती.

जाड्याने तोंड उघडलं, हाक मारायला. तेवढ्यात सुनेच्या फोनमधून बाबांचा आवाज आला. तिने तो मघापासून चालूच ठेवला होता.

"हाक मारू नका! हाक मारली की तो वर बघेल. वर बघताना झोका घेईल. आणि दोराला हात लावू नका. गच्चीवर पाण्याची टाकी आहे ना? तिच्या खांबाला तिसरा दोर बांधा. जाड्या, ऐकतोयस?"

"हो काका."

"हात थरथरतायत?"

"हो काका."

"थरथरू देत. गाठ नीट मार."

जाड्याने गाठ मारली. सुनेने आणि रखवालदाराने दोर धरून मागे अंग टाकलं. एक. दोन. तीन. खांब हलला नाही.

"आता दोराच्या टोकाला हुक लावून त्याच्यासमोर सोडा," बाबा म्हणाले. "पण त्याला कसं कळणार? जाड्याने चेष्टा केली म्हणून बाजूला सारायचा."

सुनेने मला छातीवरून काढलं आणि त्या हुकात अडकवलं.

त्या दिवसात दुसऱ्यांदा मी दोरावरून खाली निघालो. या वेळी तीन मजल्यांचं काम नव्हतं. चौदावा मजला गेला, तेरावा गेला. काचेआड माणसं बसली होती, कुणी टंकलेखन करत होतं, कुणी पेन चावत होतं. एकानेही वर पाहिलं नाही. बारावा. अकरावा. मग लाल हेल्मेट.

झुंबर वायपर झटकत होता. मी त्याच्या नाकासमोर येऊन थांबलो. आधी त्याच्या कपाळाला आठी पडली, बाबांनी इथेही सोडलं नाही म्हणून. मग त्याची नजर माझ्यावरून हुकावर गेली, हुकावरून दोरावर, आणि दोर जिथून येत होता त्या दिशेला. तो कड्यांकडून येत नव्हता. टाकीकडून येत होता.

बापाचाच पोरगा तो, मान वर केली नाही.

"बाबा," माझ्याकडे बघत तो अगदी हळू म्हणाला, "कड्या गेल्या का?"

मला बोलता येत असतं तर तेव्हा बोललो असतो. त्याने पायाचा भार काचेच्या चौकटीवर घेतला, वायपर सोडून दिला. एक हात चौकटीला. मोकळा हात एकच, तोही साबणाने ओला. हुक त्याला पट्ट्याला लावायचं होतं आणि हुकात मी अडकलो होतो. मला काढल्याशिवाय हुक उघडणार नव्हतं, आणि काढून ठेवायला तिसरा हात नव्हता. त्याने एक क्षण माझ्या डोळ्यात पाहिलं. मग बोटांनी मला सरकवलं.

मी पडलो. नववा, आठवा, सातवा, आणि सहाव्याच्या सज्ज्यावर तोंड वर करून आपटलो. डोळ्याची काच तडकली. दिवा मात्र लागलेलाच होता. तडकलेल्या काचेतून मला वर तो दिसत होता, मुठीएवढा लहान. हुक पट्ट्यात बसलं. आणि मग, त्या लटकलेल्या अवस्थेत, मी तिथे नसताना, कुणी बघत नाही असं समजून त्याने त्या दोरावर सगळं अंग टाकलं. एक. दोन. तीन.

जाड्याने आणि रखवालदाराने त्याला वर ओढून घेतलं. कठड्यावर पाय पडल्यावर तो टाकीला टेकून बसला. सून त्याच्यासमोर उभी होती. तिचा उजवा पाय जमिनीवर दाबलेला होता, तो उचलायला तिला बराच वेळ लागला, असं जाड्या अजून सांगतो. दुपारी गवंडी आला. त्याने हातोडी दोनदा हळू टेकवली, आणि दोन्ही कड्यांसकट कठड्याचा तुकडा त्याच्या हातात आला.

मला सज्ज्यावरून रखवालदाराने काढलं. घरी आलो तेव्हा बाबा दारात उभे होते, काठी धरून, कुणास ठाऊक कधीपासून.

"चहा टाकू का?" सुनेने विचारलं.

"आधी त्याला पाणी दे," बाबा म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी मला टीव्हीला जोडलं. माझा डोळा तडकला होता, पण आतलं चित्रण शाबूत होतं. पडद्यावर भिंत वर सरकली, मांजर दचकली, मुख्याध्यापिका बाईंनी मांडी घातली. मग आकाश, भेगांच्या जाळीतून दिसणारं, आणि त्यात तो मुठीएवढा माणूस. बाबा पुढे वाकले. झुंबर खुर्चीच्या मागे उभा होता.

"दिसली," बाबा म्हणाले. "तिसरी ओढ. पुरी होती."

त्यानंतर त्यांनी टीव्ही बंद केला. ते चित्रण पुन्हा कधी लावलं नाही.

मला कुणी दुरुस्तीला दिलं नाही. नवा कॅमेरा आणू का, असं सुनेने एकदा विचारलं. बापलेक एकदमच नाही म्हणाले. आता झुंबर संध्याकाळी खुर्चीशेजारी जमिनीवर बसतो आणि दिवसभराचं तोंडाने सांगतो. बाबा डोळे मिटून ऐकतात. मधेच विचारतात, "आणि कडीचं मूळ?" तो सांगतो. तो हल्ली कडीकडे तोंड करून उभा राहतो, हे त्याच्या सांगण्यावरूनच कळतं. तिथलं आता मला दिसत नाही, पण इथलं ऐकू सगळं येतं.

आणि माझं काम संपलेलं नाही. रोज सकाळी निघताना झुंबर खिशातून खडू काढतो आणि माझ्या पाठीवर एक रेघ मारतो. संध्याकाळी आल्यावर आपल्या बाहीने पुसतो. ती पुसली जाईपर्यंत बाबा चहाला हात लावत नाहीत, आणि सून घरात असेल तर तिचा पाय जमिनीवर असतो.

तुम्ही उद्या माझ्या एखाद्या भावंडाला घ्याल, डोंगरावर न्याल, सायकलवर न्याल, पाण्यात न्याल. जरूर न्या. सूर्य दाखवा त्याला. फक्त कडी त्याच्याकडे बघून ओढू नका. कडीकडे बघून ओढा. तो पाठीमागून बघेल, त्याची काळजी करू नका.

आता मात्र तुम्ही जरा गप्प बसा. सहा वाजून गेलेत. बाबांनी दोनदा घड्याळ बघितलंय. माझ्या पाठीवरची रेघ अजून तशीच आहे.

थांबा. जिन्यात पावलं वाजतायत. पहिला मजला... दुसरा...

त्याचीच आहेत. दार उघडलं, आणि ओली बाही माझ्या पाठीवरून फिरली.